चाळीस मिनिटांत बनगरवाडी

शुक्रवार, रात्री

सोमवारी एम.ए.चा कादंबरीचा पेपर. तीन तासांत चार मोठी उत्तरं. प्रश्न वाचणं, निवडणं, पुरवणी बांधणं वजा जाता एका उत्तराला चाळीस मिनिटं मिळाली तरी खूप. आज जेवणं उरकल्यावर मोबाइलवर वेळ लावून बसले. प्रश्न माझा मीच काढला : ‘बनगरवाडी’तल्या निवेदकाच्या भूमिकेची साधार चर्चा करा.

गाईडमध्ये या कादंबरीचं उत्तर तयारच आहे. व्यंकटेश माडगूळकर, 1955, माणदेश, धनगरांची वस्ती, मग कथानक, मग पात्रं, आणि शेवटी ‘गाव हाच नायक’. हे शेवटचं वाक्य खोटं नाही, पण परीक्षकांनी ते गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात वाचलेलं असणार. शिवाय ते एकदा लिहिलं की पुढे म्हणायला काही उरतच नाही.

मला म्हणायचंय ते वेगळं आहे. निवेदक, म्हणजे राजाराम मास्तर, गावाला शिकवायला येतो, पण गाव त्याला आपल्या गरजेप्रमाणे वापरून घेतं, आणि वापरता वापरताच आपलं मानतं. पोरं मेंढरांमागं, शाळेत येणार कोण? पण मोठी माणसं येतात. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाचं भांडण मिटवायचं असतं. शाळा चालायच्या आधी मास्तरच चालायला लागतो! (हे वाक्य पेपरात लिहावं का? जरा चटकदार होतंय. बघू.)

एवढं म्हणायचं ठरल्यावर पुरावे निवडणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण गावातल्या शेकूचा प्रसंग काही सोडवेना. बैल कमी पडतो म्हणून त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते, आणि हे सांगताना निवेदन कुठं गळा काढत नाही. भाषाशैलीवर प्रश्न आला तर याच्यासारखं उदाहरण नाही. पण आजच्या मुद्द्यात ते बसतं ते एवढ्यापुरतंच, की अर्ज-भांडणात कामी येणाऱ्या मास्तराचा इथं काडीचा उपयोग नाही. दोन ओळींत उरकलं. जिवावर आलं, पण उरकलं.

तालमीला मात्र अख्खं पान दिलं. ती मास्तरच्या डोक्यातून निघालेली, गावानं अंगमेहनतीनं उभी केलेली. औंधचे राजेसाहेब येऊन जातात. सगळं जमलं असं वाटतं तोच दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाट फुटेल तिकडं जातात. पोरंच नाहीत म्हटल्यावर मास्तरलाही निघावं लागतं. गाव होतं म्हणून तो मास्तर होता. माझा मुद्दा इथं पुरा होतो, त्यामुळे वेळ कमी पडला तर बाकी काहीही कापीन, हे पान नाही.

‘साधार’ म्हटलं की पोरी अवतरणं घोकत बसतात. मला अर्धं वाक्य आठवतं आणि उरलेलं मी नकळत रचते, म्हणून त्या वाटेला जायचंच नाही. कोण, कुठे, काय करतं हे अचूक सांगितलं तर तो आधारच झाला. माडगूळकर स्वतः तिकडचेच, हे एका ओळीत. अमोल पालेकरांचा सिनेमा अजिबात नको. डोळ्यांपुढं चित्रं त्याचीच येतात आणि पुस्तकात नसलेलं काहीतरी पेपरात उतरतं.

वेळेचं गणित साधारण जमलं. पहिली पाच मिनिटं मागच्या पानावर पेन्सिलीनं चार शब्द : कामं, शेकू, तालीम, दुष्काळ. मग लिहीत सुटायचं. अंगठा भरून येतो; उद्या जाड पकडीचं पेन आणते.

गावच्या कारभाऱ्याची पोरगी अंजी, तिचं काय करायचं ते मात्र कळत नाही. तिच्यावरून कारभाऱ्याच्या मनात मास्तरविषयी किंतु येतो आणि सगळी ओढ आटते. म्हणजे गावानं आपलं मानलेला माणूस एका संशयानं परका होऊ शकतो. हे माझ्या मुद्द्याला छेद देणारं आहे, आणि बहुधा त्याहून खरं. पण ते घ्यायचं तर उत्तराची मांडणीच बदलते. उद्या सकाळी तिला धरून पुन्हा लिहून बघते. चाळीस मिनिटांत बसली तर शेकूच्या दोन ओळीही जातील.