रास्ता पेठेतून रास्त्यांच्या गावाला

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. खोटं वाटेल, पण खरं आहे. लग्नानंतर जेजुरीला गेलो तेव्हा गाडीत अकरा माणसं होती आणि माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. पुढे मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग सुट्टीला येणारी नणंदेची मुलं. मुलगी गेल्या वर्षी नोकरीला बंगळुरूला गेली आणि एका रविवारी जेवताना लक्षात आलं की आम्ही दोघं अर्धा तास फक्त गॅस सिलिंडरबद्दल बोलतोय. मी म्हटलं, "अहो, कुठेतरी जाऊन येऊ या." हे म्हणाले, "कोणाकोणाला घ्यायचं?"

तिथून निघेपर्यंत सहा आठवडे गेले. प्रवासाला अडीच तास लागले, तयारीला सहा आठवडे.

सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. चालत्या-फिरत्या आहेत, पण रात्री एकट्या ठेवता येत नाहीत. मोठ्या वन्संना विचारलं, तर त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा. पुढच्या शनिवारी आमच्याच घरी पाहुणे. त्याच्या पुढच्या शनिवारी ह्यांच्या ऑफिसात तपासणी. शेवटी फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार मिळाला. मी फ्रिजवर गोळ्यांचा तक्ता चिकटवला, दोन भाज्या करून ठेवल्या, दुधवाल्याला सांगितलं, कामवाल्या मावशींना दोनदा सांगितलं. सासूबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "दोन दिवसांसाठी चाललात की काशीला?"

त्यांना माहीत नव्हतं, पण वाईला दक्षिणकाशीच म्हणतात.

वाई हे माझंच डोकं. आधी सगळ्यांनी महाबळेश्वर सांगितलं. शनिवारचे खोल्यांचे दर विचारले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्यात शनिवारी सकाळी पसरणी घाटात गाड्यांची जी रांग लागते, ती ज्याने भोगली आहे त्याला सांगायला नको. आजवर महाबळेश्वरला जाताना प्रत्येक वेळी वाई खिडकीतून बघितलेली. एक वळण, नदी, पलीकडे देवळाचा कळस, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणायचं, "चला, आता घाट सुरू, आवळासुपारी काढा." सगळ्यांची वाई ही अशीच, वाटेवरची. मी म्हटलं, या वेळी तिथेच उतरू. हे म्हणाले, "वाईत दोन दिवस करायचं काय?" मी म्हटलं, "काही नाही." हे उत्तर त्यांना पटलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

गाडी मुद्दाम नेली नाही. ती नेली की ह्यांचं लक्ष रस्त्यावर आणि माझं त्यांच्या वेगावर. स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. कंडक्टरने विचारलं, "एक फुल, एक महिला?" 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा प्रवास ह्यांच्या निम्म्या पैशांत झाला. खंबाटकी घाट चढेपर्यंत ते हेच सांगत होते. सुरूर फाट्याला बस महामार्ग सोडून आत वळली, दोन्ही बाजूंना जुने वड सुरू झाले आणि हे एकदम गप्प झाले. बघते तर झोपले होते.

आता मुख्य गोष्ट. कोणाला उपयोग होईल म्हणून नीट सांगते.

खोली मी फोनवरून ठरवली होती. स्टँडपासून चालत जाण्यासारखा लॉज, आगाऊ पैसे भरलेले. काउंटरवरच्या मुलाने दोघांचे आधार मागितले. त्याने ह्यांचं बघितलं, माझं बघितलं, पुन्हा ह्यांचं बघितलं. माझं पॅन माहेरच्या नावाने, म्हणून आधारही त्याच नावाने काढलेलं. नोकरीतही तेच नाव. तोंडाने कधी त्याचा खुलासा करावा लागला नव्हता.

"आडनाव वेगळं आहे, मॅडम."

"माहेरचं आहे."

"मॅरेज सर्टिफिकेट आहे का मोबाईलमध्ये?"

मी एकोणपन्नास वर्षांची. गुडघ्याला पट्टा, हातात औषधांची पिशवी. हे चौपन्नचे, केस जेवढे उरलेत तेवढे पांढरे. त्यात स्वारगेटच्या गर्दीत नको म्हणून मंगळसूत्र मी कपाटात ठेवून आले होते. त्या मुलाची नजर एकदा माझ्या गळ्यावर गेली आणि परत रजिस्टरवर आली. मला आधी राग आला, मग कानाच्या पाळ्या तापल्या, आणि मग, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. या वयात आपल्यावर असला संशय घेणारं कोणीतरी आहे!

हे म्हणाले, "पत्ता बघा ना, दोघांचा एकच आहे."

तो म्हणाला, "पेइंग गेस्टचा पण एकच असतो, साहेब."

यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. फोनमध्ये लग्नाचा फोटो शोधायला लागलो, तर सगळे फोटो मुलीचे, गॅसच्या पावत्यांचे आणि ह्यांच्या स्कूटरच्या विम्याचे. मुलीला फोन केला, तिने उचलला नाही. शनिवारी सकाळी साडेदहाला ती कशाला उचलते! शेवटी घरी लावला. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या, फोन सासूबाईंनी घेतला. मी स्पीकर लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या त्या मुलाला म्हणाल्या, "अरे बाळा, ती माझी सून आहे. चोवीस वर्षं माझ्या डोक्यावर बसलीये. दे त्यांना खोली."

त्याने किल्ली दिली. वर "सॉरी हं काकू" असंही म्हणाला. मघाशी मॅडम होते, आता काकू झाले. भाच्याने नंतर सांगितलं की लग्नाचा पुरावा मागण्याचा कायदा वगैरे काही नाही, ते लॉजवाले आपापलं ठरवतात. असेल. पण आडनावं वेगळी असतील तर खोली ठरवताना फोनवरच विचारून घ्या, आणि फोनमध्ये एखादा कागद ठेवा. तिथे काउंटरवर उभं राहून कायदा आठवत नाही.

खोलीत पंखा होता, गरम पाणी होतं, खिडकीतून शेजारच्या गच्चीवरचं वाळवण दिसत होतं. पुरे.

दुपारी जेवून झोप काढली आणि ऊन उतरल्यावर गणपती आळीच्या घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. आम्ही राहतो रास्ता पेठेत. पेठ वसवणारे आनंदराव रास्ते आणि हे गणपतराव भाऊ भाऊ, आणि नानासाहेब पेशव्यांच्या गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. हे ऐकून ह्यांची छाती फुगली, जणू आमचाच वाडा होता. म्हणाले, "म्हणजे आपण पेठेच्या माहेरी आलो."

मूर्ती एका दगडातली, अंगाने अशी भरलेली की ढोल्या हे नाव कोणी भक्तीने ठेवलं की चेष्टेने, कळत नाही. पण मला खरं आवडलं ते देवळाची मागची बाजू. सगळे पुढून दर्शन घेतात आणि जातात. एका आजोबांनी आम्हाला मागे जा म्हणून सांगितलं. भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची आहे, निमुळती होत गेलेली. देऊळ पार नदीच्या कुशीत, कृष्णेला पूर आला की पाणी अंगावर येणारच. ते भिंतीवर आपटू नये, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ही भिंत. हे हिशेबनीस माणूस, त्यांनी त्या दगडावरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाण्याशी भांडण काढलं नाही बघ त्यांनी, बाजू दिली." मी म्हटलं, आईंशी बोलताना हे लक्षात ठेवा.

नदी मात्र बघवत नाही. पाणी कमी, त्यात जलपर्णी, पायऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि पत्रावळी. दक्षिणकाशी म्हणायचं आणि नदीची ही अवस्था करायची. आमची मुठा बघता बोलायचा आम्हाला अधिकार नाही, तरी बोलते.

माघापासून वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. गावात सात घाट, आणि एकेका आळीत पाळीपाळीने देवी बसते. अफजलखान आला तेव्हा संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला, तेव्हापासूनची ही प्रथा, असं तिथे सांगतात. आम्ही भटकत भटकत पुढच्या घाटावर पोचलो तर मांडव, दिवे, सतरंज्या आणि कीर्तन रंगात आलेलं. एका बाईंनी मला हाक मारली, "या हो, कुंकू लावून घ्या. कोणाकडच्या?" मी सांगितलं, कोणाकडच्या नाही, पुण्याहून आलोय. "मग बसा की," त्या म्हणाल्या आणि सरकून जागा दिली. ओळखीचा पुरावा कोणी मागितला नाही.

हे पुरुषांच्या बाजूला बसले, मी बायकांच्या. दोघंच म्हणून आलो आणि चारशे लोकांत वेगवेगळे बसलो. मधेच त्यांनी मान वळवून मी कुठे आहे ते शोधलं. मी दिसल्यावर परत कीर्तनकाराकडे बघायला लागले. लग्न ठरलं त्या वर्षी, कोणाच्या तरी मुंजीत, त्यांनी असंच केलं होतं. हे त्यांना मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी रिक्षा करून मेणवलीला गेलो. जवळच आहे, पण परत यायला रिक्षा मिळेलच असं नाही, म्हणून जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या. नाना फडणवीसांचा वाडा बाहेरून किल्ल्यासारखा आणि आत थंडगार. चौकांमागून चौक, जाड भिंती, लाकडाला हात लावला की गुळगुळीत लागतं. मागच्या दाराने उतरलं की घाट, आणि घाटावर देवळाजवळ ती घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. जवळ गेल्यावर 1707 हा आकडा दिसतो आणि बाळाला घेतलेली मरियम. महादेवाच्या शेजारी ती इतकी वर्षं टांगलेली आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. एका लहान मुलीने आईला विचारलं, "ही कुठली देवी?" आई म्हणाली, "वसईची."

परत येताना गंगापुरीत विश्वकोशाच्या कार्यालयाशी रिक्षा थांबवायला सांगितली. रविवार, म्हणून बंद. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहून काम करत, म्हणून अख्ख्या मराठीचा विश्वकोश या एवढ्या गावात तयार झाला. पहिला खंड 1976 चा. सासऱ्यांनी सुरुवातीचे काही खंड हौसेने घेतले होते. ते गेल्यापासून इस्त्रीचे कपडे त्याच्यावर ठेवायची सवय लागली आहे आम्हाला. हे बंद फाटकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घरी गेल्यावर ते कपडे काढ तिथून." मी म्हटलं, तुम्हीच काढा, शर्ट तुमचेच आहेत.

धोमला जायचं राहिलं. गेलो नाही, कारण घाटावर पुन्हा जाऊन बसावंसं वाटलं आणि बसलो. काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. गॅस सिलिंडरबद्दल नव्हतं, एवढं नक्की.

परतीची एक सूचना: रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून येणाऱ्या बस वाईला भरूनच येतात. दोन सोडल्या. तिसरी वाईहूनच सुटणारी लागली, तिच्यात खिडकी मिळाली. स्टँडवर जाण्याआधी बाजारातून अर्धा किलो हळकुंडं घेतली होती. वाईची हळद नावाजलेली आहे आणि रिकाम्या हाताने घरी जाण्याची आपली पद्धत नाही.

रात्री साडेनऊला पोचलो. वन्संनी दार उघडलं. सासूबाई जाग्या होत्या. हळकुंड नाकाशी धरून बघितलं, एक मोडून रंग बघितला, चांगलं आहे म्हणाल्या. मग मला जवळ बोलावलं.

"पुढच्या वेळी जाताना त्या लॉजवाल्याला आधीच सांगून ठेव. फोन करायचा तर अकराच्या आत. नंतर मी सीरियल बघते."