पळते छान, रांगते कशी?

प्रत्येक शोरूमचा टेस्ट ड्राइव्हचा एक ठरलेला रस्ता असतो. आमच्या पुण्यात तो साधारण असा: दारातून डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, बायपासच्या सर्व्हिस रोडवरचा एक मोकळा पट्टा, पुलाखालून यू-टर्न आणि परत. उजवं वळण शक्यतो नाही, चढ नाही, आणि वाटेत खड्डा असलाच तर सेल्समनशी त्याची जुनी ओळख. मोकळा पट्टा आला की शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, "आता दाबा मॅडम, पिकअप बघा." आपण दाबतो. गाडी पळते. नवी कोरी, दहा-बारा लाखांची गाडी पळणारच, न पळायला तिला काय झालंय? थोड्याच वेळात आपण परत शोरूममध्ये, समोर कॉफी, आणि "मग, कलर कुठला बघायचा?"

तीस-चाळीस रुपयांचा नारळ आपण कानाशी धरून हलवतो, आतलं पाणी ऐकतो, मागचा एक उचलून पुन्हा ऐकतो. गाडीच्या बाबतीत मात्र एवढा वेळ घेतला की आपल्यालाच संकोच वाटायला लागतो. बिचारा मुलगा ताटकळलाय, मागे दुसरं कुटुंब उभं आहे, आपल्यापायी त्यांचं पेट्रोल जळतंय.

हा संकोच बहुधा वारशानेच आला असावा. आमच्या वडिलांच्या पिढीला गाडी निवडायची नसायची, मिळाली तर घ्यायची असायची. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, नाहीतर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर. पैसे भरा, नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट बघा. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली घेणारे दिल्लीचे हरपाल सिंग, त्यांचंही नाव सोडतीत निघालं होतं. जिच्यासाठी सोडत काढावी लागते ती गाडी "जरा चालवून बघतो" म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आता सोडत नाही, उलट शोरूमवालेच रोज फोन करतात. तरी आपण पिकअप बघून घरी येतो. माझं म्हणणं असं आहे की पळण्याची परीक्षा हवी तर घ्या, पण खरी परीक्षा रांगण्याची. आमच्यासारख्यांच्या गाडीचं बरंचसं आयुष्य पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातं. वर्षातून दोनदा एक्स्प्रेसवेवर ताशी शंभराने जाण्यासाठी गाडी पसंत करायची आणि उरलेलं वर्ष तिच्यात रिक्षाच्या मागे बसून काढायचं, याला काय अर्थ आहे?

म्हणून मी जागा ठरवून टाकली. संध्याकाळी सात वाजता, कात्रज चौकाकडे जाणारा रस्ता. सेल्समन हबकतो. "मॅडम, तिकडे ट्रॅफिक असतं." अरे बाबा, म्हणूनच.

त्या रांगेत गाडी जेवढं बोलते तेवढं मोकळ्या रस्त्यावर बोलत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी किती थरथरतं ते आधी सीटला कळतं, मग आपल्याला. क्लच वर कुठे धरतो, खाली कुठे सोडतो, आणि तिसऱ्या सिग्नलला डाव्या पोटरीला काय वाटतं, हे तिथेच समजतं. टर्बो इंजिन असेल तर पंधराशे आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या, खाली ते किती पेंगतं तेही. आणि एएमटी असेल तर मान सांभाळा. एएमटी म्हणजे खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला आपल्या हातापायाच्या जागी यंत्र बसवलेलं. स्वस्त पडतं, मायलेजही चांगलं देतं, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ते क्षणभर विचारात पडतं, आणि तेवढ्या वेळात गाडीतली सगळी मंडळी एकसाथ होकारार्थी माना डोलावतात. काहींना याचं काही वाटत नाही. माझ्या नवऱ्याला पाच मिनिटांत मळमळायला लागलं. हे सर्व्हिस रोडवर कधीच कळलं नसतं, कारण तिथे गाडी दोनदाच गिअर बदलते आणि मग पळतच राहते.

चढावर रांगणं ही त्याच्या पुढची इयत्ता. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे आणि वर यायचा उतार बिल्डरने जागा वाचवून काढलेला आहे, म्हणजे जवळपास भिंतच. तिथे मधोमध गाडी थांबवायची, एसी चालू ठेवायचा, आत पाच माणसं बसवायची आणि मग निघायचं. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे येते का, आली तर किती, हे बघायला तेवढी एकच जागा पुरते. पार्किंगवरून आठवलं, ज्यांच्याकडे एकावर एक गाड्या उचलणारं यांत्रिक पार्किंग आहे त्यांनी टेस्ट ड्राइव्हच्या आधी टेप घेऊन खाली जावं. कित्येक ठिकाणी ते सेडानच्या उंचीच्या हिशेबाने बसवलेलं असतं आणि हल्लीच्या उंच गाड्या त्यात मावतच नाहीत.

स्पीडब्रेकर ही पुण्यातली स्वतंत्र परीक्षा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो गोलाकार, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर कुठल्याही मानकात बसणारा नाही. तो एका रात्रीत, कोणाच्या तरी संतापातून उभा राहिलेला आहे. पत्रकात ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्याचा, जो आकडा असतो तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा. सगळं घर आत बसल्यावर काय उरतं ते त्या स्पीडब्रेकरला विचारायचं. घासलं तर आवाज येतोच.

आता चालवणाऱ्याकडे येऊ. चालवणारी मी. माझा नवरा गाडी चालवत नाही, त्याला गाडीत झोपायला आवडतं. तरीही प्रत्येक शोरूममध्ये टॉर्कचे आकडे त्यालाच सांगितले जातात. "सर, एकशे सत्तर न्यूटन मीटर." सर गंभीरपणे मान हलवतात. मला सांगितलं जातं ते सनव्हायझरमागच्या आरशाबद्दल.

माझी उंची पाच फूट एक इंच. त्या उंचीवरून पहिल्यांदा बघायचं ते बॉनेट दिसतं का. सीट वर-खाली होते का. आणि ती सोय आपण घेणार त्या मॉडेलमध्ये आहे की फक्त त्याच्या वरच्या? मग काचेच्या बाजूचा खांब. हल्ली सुरक्षिततेसाठी हे खांब जाड झालेत, ते योग्यच आहे, पण चौकात उजवीकडे वळताना त्या खांबाआड एक अख्खी दुचाकी लपते. पुण्यात दुचाकी एकटी कधीच नसते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. वळताना मान पुढे काढून बघावं लागतंय का, एवढं दोन-तीन चौकांत तपासलं तरी बरंच कळतं. हे तपासायचं तर उजवं वळण हवं, आणि शोरूमच्या रस्त्यावर नेमकं तेच नसतं.

मागच्या सीटची परीक्षक सासूबाई. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, नेसणं नऊवारी नसलं तरी साडी कायम. मुलीने आणि नवऱ्याने आपापली मतं दिल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही इंजिन बघा. मी फक्त उतरून बघते." बसून नव्हे, उतरून. मला आधी उमगेना. "अगं, बसता सगळ्यातच येतं," त्या म्हणाल्या, "ढकलून दिलं अंग की झालं. उतरताना धरायला काहीतरी लागतं."

मग त्यांनी एकेक गाडी उतरून बघितली. सेडान बाद झाली, कारण तिच्यातून उठणं म्हणजे पाटावरून उठणं. मोठी एसयूव्ही बाद, कारण पाय खाली सोडला की जमीन लवकर येत नाही. एका गाडीचं दार पुरेसं उघडेना. एकीचा उंबरठा रुंद होता, त्यावरचा चिखल निऱ्यांना पुसला गेला आणि ती गाडी तिथेच संपली. ज्या गाडीची सीट त्यांच्या कमरेला येते, जिथे आडवं टेकून मग पाय आत घेता येतात, अशी उंची नेमकी किती ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं. सेल्समन मात्र हुशार. पुढच्या वेळी त्याने आपणहून दार उघडून धरलं आणि म्हणाला, "आजी, आधी उतरून दाखवा." आत बसायच्या आधीच.

डिकीचं माप लिटरमध्ये का सांगतात ते एक कोडंच आहे. आपण काही डिकीत दूध भरत नाही. घरची मोठी बॅग सोबत न्यावी आणि ती आडवी जाते की उभी ते बघावं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर असते, यामागे २००६ च्या अर्थसंकल्पापासूनचा इतिहास आहे. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना तेव्हा करात सवलत मिळाली, आणि कंपन्यांनी शेपटीकडून पाच मिलिमीटर राखून कात्री चालवली. ती कात्री चालते डिकीवर. चिपळूणला माहेरी जाताना तांदळाचं पोतं आणि परतताना आंब्याची पेटी कुठे ठेवायची, याचं उत्तर अर्थमंत्र्यांनी दिलेलं नाही.

पाऊस आणि रात्र या दोन गोष्टी शोरूमवाला सहसा देत नाही. वायपर काच पुसतो की नुसता पाणी फिरवतो, दमट हवेत काचेवरचं धुकं किती वेळात जातं, कुंभार्ली घाटात दिव्यांचा उजेड वळणाच्या आत पोचतो की समोरच्या झाडावरच राहतो? यावर मला सापडलेला उपाय म्हणजे तेच मॉडेल शनिवार-रविवार भाड्याने घेणं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या या गाड्या आपणच चालवायच्या असतात. शोरूमची लाल पाटीची गाडी चालवताना शेजारी कोणीतरी बोलत असतं. भाड्याच्या गाडीत फक्त गाडी बोलते, आणि शिवाय ती चार अनोळखी लोकांनी आधीच यथेच्छ दामटलेली असते, त्यामुळे दोन वर्षांनी आपली कशी वाजेल तेही ऐकू येतं. खर्च होतो, पण सीट कव्हरवर आपण त्याहून जास्त घालवतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांचं शास्त्र वेगळं, आणि त्यातला एकच भाग मला मनापासून पटतो: पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवायचा. ते गरम लागलं तर मालकाने तुमच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायला उद्या सकाळी पुन्हा या, तेही न सांगता.

वेळेचंही सांगते. पाडवा-दसऱ्याच्या तोंडावर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कात्रजला चला म्हणणाऱ्याला कोण विचारणार? चाचणीसाठी उत्तम मुहूर्त म्हणजे पितृपक्ष. गाडी कोणी घेत नाही, बघायला मात्र कोणाच्या पूर्वजांची हरकत नसते. २०२५ चा पितृपक्ष तर विशेषच होता. लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार हे सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं, आणि लागू होणार होतं २२ तारखेपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेला. शास्त्र आणि सरकार दोघंही थांबा म्हणत होते. शोरूम ओस पडलेली, बाहेर पाऊस, आणि आम्ही त्या मुलाला घेऊन हव्या त्या गल्लीत शिरत होतो.

एका संध्याकाळी मी आधी गाणी बंद करायला लावली (स्पीकर चांगले आहेत हे मान्य, पण मला टायरचा आवाज ऐकायचा होता), रस्त्यावरची नजर न काढता एसी कमी करून बघितला, तर पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं. मुलगा हसला. तो फलटणकडचा, दिवसभर अशा गाड्या फिरवतो आणि रात्री स्वतःच्या मोटारसायकलवर खोलीवर जातो. मी विचारलं, "तुझ्या वडिलांसाठी घ्यायची असती तर यातली कुठली घेतली असतीस?"

त्याने जरा वेळ घेतला. मग म्हणाला, "खरं सांगू का मॅडम? ही टॉपची नसती घेतली. हिची चाकं मोठी, टायर बारीक जाडीचे, दिसायला भारी दिसतं, पण आमच्या गावच्या रस्त्याला कंबर धरते. मधलं मॉडेल घेतलं असतं. चाकं साधी, टायर जाड. सीटपण वर-खाली होते."

"मग तेच चालवून बघू उद्या."

"ते नाही मिळणार, मॅडम. टेस्टला टॉपचीच असते. मधलं मॉडेल टेस्टला कोणीच ठेवत नाही."