शॅम्पेनमध्ये एवढं असतं काय? तुम्ही विचारलंत म्हणून

मी रँसला राहतो, म्हणजे फ्रान्समधल्या शॅम्पेनच्याच गावात, त्यामुळे पुण्याहून कुणाचाही फोन आला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हा प्रश्न येतोच. एवढी महाग बाटली, तिच्यात असतं काय, आणि चांगली आहे हे ओळखायचं कसं? फोनवर अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी बुडबुड्यांचं बघू. बुडबुडे जितके बारीक तितकी शॅम्पेन भारी असं सगळे म्हणतात, पण फक्त त्यावर जाऊ नका. ग्लासात तळापासून वर जाणाऱ्या ज्या माळा दिसतात ना, त्या बहुतेक वेळा ग्लासाला चिकटलेल्या कापडाच्या नाहीतर हवेतल्या धुळीच्या बारीक तंतूंपासून सुरू होतात, इथल्या युनिव्हर्सिटीतल्या जेरार लिजे-बेलेर यांचं सगळं काम याच विषयावर आहे. म्हणजे तीच वाइन एका ग्लासात उसळताना दिसेल आणि दुसऱ्यात गप्प. साबणाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो, म्हणून ग्लास खळखळून धुवा.

खरी गंमत तळघरात घडते. आधी साधी, चांगलीच आंबट वाइन करतात, शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए ही तीन द्राक्षं मुख्य, मग वेगवेगळ्या मळ्यांच्या आणि बऱ्याचदा मागच्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाइन्स मिसळतात, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटल्या बंद करतात आणि ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. गॅसला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे आत जवळपास ६ बार प्रेशर तयार होतं. साखर संपली की यीस्ट मरतं, पण वाइन त्याच गाळावर पडून राहते, आणि शॅम्पेनची चव घडते ती या पडून राहण्यात. नियमाने साधी शॅम्पेन बाटलीत किमान १५ महिने आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर ३ वर्षं ठेवावीच लागते, चांगले लोक त्याहून कितीतरी जास्त ठेवतात. रँसच्या पोटात रोमन काळापासून खणलेल्या खडूच्या खाणी आहेत, तिथे बाराही महिने गारवा असतो, आणि त्या गारव्यात मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळत वाइनला भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, सुक्या मेव्याचा वास देतं. तुम्ही पैसे मोजता ते बरेचसे या वेळेचे, म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगतो की घाई करून ती वाया घालवू नका.

म्हणजे काय करायचं, तर बूच उडवायचं नाही. बुचावरची तारेची जाळी सैल करा, बूच मुठीत घट्ट धरा आणि बाटली फिरवा, हलका उसासा येतो तेवढाच आवाज पुरे. उंच अरुंद ग्लास दिसायला छान पण नाकाला काही मिळत नाही, पोटाशी रुंद असलेला पांढऱ्या वाइनचा ग्लास घ्या, तिरका धरून ओता (गॅस कमी उडतो) आणि अर्ध्याच्या खालीच थांबा. फ्रिजमधून काढल्यावर जरा वेळ बाहेर राहू दे, ८ ते १० डिग्रीला छान लागते. फ्रिजमधल्या हापूसला जसा वास येत नाही तसंच हिचं आहे.

पहिल्या वासात लिंबू, हिरवं सफरचंद असलं काहीतरी येईल. घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि मग गप्प बसा. तोंडाला पाणी सुटेल, मागे किंचित खारट, खडूसारखं काहीतरी राहील, आणि ते किती वेळ राहतं तेच बघायचंय. हलकी असेल तर लगेच पुसलं जातं आणि नुसता आंबटपणा उरतो. पाच-दहा मिनिटांनी परत हुंगा, आता पाव, बदाम, कधी मध. ग्लास जसा कोमट होत जातो तशी जी उलगडत जाते ती चांगली आणि जी पडते ती नाही, माझी कसोटी एवढीच आहे.

आंबताना साखर संपते खरी, पण शेवटी चवीपुरती परत घालतात, लेबलवर ब्रूत असेल तर लिटरला साखर १२ ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ब्रूत म्हणजे ६ पर्यंत. नुसत्या शार्दोनेची हवी तर ब्लाँ द ब्लाँ बघा. बारीक अक्षरात आरएम दिसलं तर ती स्वतःची द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्याने केलेली, आणि मोठ्या नावांच्या किमतीत यांच्याकडे बरेचदा जास्त जीव असतो असं माझं ठाम मत आहे.

सोबत केक नको, गोडासमोर ब्रूत कडवट लागते. खारट आणि तळलेलं काहीही द्या, रवा लावून तळलेली सुरमई तर अप्रतिम. आणि सवय करायला थेट शॅम्पेनच हवी असं अजिबात नाही, नाशिकला सुला आणि शाँदाँ दोघेही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग करतात, त्यावर नाक तयार करा.

उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा लटकवून ठेवू नका, त्याने काही होत नाही. स्पार्कलिंगचा स्टॉपर मिळतो तो लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅस थोडा कमी असतो पण वास जास्त मोकळा होतो, काही शेतकऱ्यांच्या बाटल्या तर मला दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतात.