आमची वाटचाल : रव्याची थाळी आणि काचेचं दार

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत, वाचता-लिहिताना अडखळणाऱ्या मुलांसाठी आमचं रेमेडिअल केंद्र सुरू झालं, चाललं, वाढलं. ते असो. सांगायचंय ते कर्वे रस्त्यावर काचेच्या दाराचं ‘ब्रेन ट्रेनिंग’ सेंटर उघडलं त्या वर्षाचं.

तिथे मुलांनी डुगडुगत्या फळीवर उभं राहून चेंडू झेलायचा, हेडफोनवर आवाज ओळखायचे, स्क्रीनवर ठिपके पकडायचे. मेंदूचा तोल सुधारला की वाचन आपोआप येतं म्हणे! पालकांच्या हाती रंगीत ग्राफ. आमच्याकडे काय, तर बोहरी आळीतल्या पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं. दिवाळीनंतर निम्मी मुलं आलीच नाहीत. माझी भागीदारही तिकडे गेली, पालकांच्या नंबरांची वही घेऊन. घरमालकांनी थकलेल्या भाड्याचा विषय जिन्यात, सगळ्यांदेखत काढला.

ठिपके पकडून मुलं ठिपके पकडण्यात तरबेज होतात, वाद नाही. पण रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. पहिली वेलांटी लिहायची आधी, वाचायची नंतर. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत अडकलेल्या मुलाला हे शेजारी बसूनच शिकवावं लागतं. डोळा, कान, हात एकदम कामाला लावणारी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत १९३०च्या दशकातली. तीच आम्ही मराठीला बेतून घेतली. रवा पसरून अक्षर गिरवायच्या थाळीचा तळ काळा हवा, म्हणजे बोटाने गिरवलेलं अक्षर उठून दिसतं. वाळूपेक्षा रवा बरा. पावसाळ्यात तेवढा भाजून घ्यायचा. काळ्या पुठ्ठ्याला एकच ओळ दिसेल एवढी खिडकी कापायची. आमची पहिली खिडकी अजून वापरात आहे.

त्या वर्षी तारलं हडपसरच्या एका आजींनी. नातू पाचवीत, तोंडी हिशेबात पटाईत, पुस्तक उघडलं की पोटात दुखायचं. सेंटरवाल्यांनी पहिला महिना फुकट देऊ केला, तर म्हणाल्या, “चेंडू झेलायला त्याला गल्ली आहे.” आणि आम्हाला सहामाहीची फी आगाऊ दिली. त्यांच्या भिशीतल्या बायकांचीही पोरं मग आली.

२०१६ साली अमेरिकेत लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर भरले. ती बातमी मी दारावर लावली. आमचे हे म्हणाले, शोभत नाही. मी काढली नाही. काचेचं दार आता मोबाइलच्या दुकानाचं आहे. वही मात्र अजून परत आलेली नाही.

पालकांनो, दहावीला जादा वेळेची सवलत हवी असेल तर अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी नववीतच मागे लागा. आणि थेरपीवाल्यांचे ग्राफ बघत बसू नका. मुलापुढे कधी न वाचलेला उतारा ठेवा, मोठ्याने वाचायला लावा. खेळातले गुण वाढलेत आणि उतारा तिथेच अडतोय, तर पैसे परत मागा. पावती जपली असेल तर.