आमची वाटचाल: मे महिन्यात टिकणारा बोर्ड

सोलापुरात ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला पीसी डिसेंबरात टेस्टमध्ये पास झाला, याला फारसा अर्थ नसतो. खोलीत २६ अंश असताना ज्या बोर्डाचा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) ८० अंश दाखवतो, तोच मे महिन्यात दुपारी खोलीत ४१ असताना ९५ च्या आसपास जातो. हवा एक अंश तापली की बोर्डही साधारण एक अंश तापतो. म्हणून पीसी जोडून देणाऱ्या आमच्या दुकानात मदरबोर्ड निवडताना किती गिगाहर्ट्झ हवेत हे नंतर विचारलं जातं. आधी विचारतो: मशीन कुठल्या खोलीत राहणार, तिथे एसी आहे की कूलर, आणि शेजारी माग चालतात का? कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर धूळ आत जाऊन चिकटते, नुसती साचत नाही. मागाजवळच्या घरात सुताची बारीक लव हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि तीन महिन्यांत तिचं नमद्यासारखं पान तयार होतं.

आम्ही असेंबलीला हात घातला तो कोअर टू ड्युओचा काळ. तेव्हा ओव्हरक्लॉकिंग म्हणजे एफएसबी, म्हणजे बोर्डाचा मूळ क्लॉक वाढवणं. त्याला प्रोसेसरच्या गुणकाने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो. पेन्टियम ई५२०० चा गुणक १२.५ आणि एफएसबी २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. एफएसबी २६६ केला की तोच प्रोसेसर ३.३३ वर. क्यू६६०० मध्ये ९ गुणिले २६६ चे २.४ होत, ३३३ केले की ३. यात प्रोसेसरबरोबर रॅम आणि नॉर्थब्रिजही (प्रोसेसर आणि रॅम जोडणारी चिप) ओढले जात, त्यामुळे रॅमचं गुणोत्तर वेगळं ठेवता येणारा आणि व्होल्टेजचे पर्याय देणारा पी३५ किंवा पी४५ चिपसेटचा बोर्ड लागे. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये ते पर्यायच नसत. बोर्ड आधी आणि प्रोसेसर नंतर ठरवायची आमची सवय तेव्हाची.

२०११ मध्ये सँडी ब्रिज आला आणि खेळ बदलला. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झला बांधला गेला. तो चार-पाच टक्क्यांपलीकडे नेला की साटा आणि पीसीआय एक्स्प्रेस (डिस्क आणि कार्डांच्या जोडण्या) बिघडायचे. वेग वाढवायचा तर गुणक, आणि गुणक खुला फक्त के अक्षराच्या प्रोसेसरला. आय५-२५००के बरोबर एच६१ बोर्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तोच नियम इंटेलमध्ये आजही आहे: कोअरचा गुणक वाढवायचा तर झेड मालिकेचा बोर्ड. झेड६९० आणि झेड७९० बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी, झेड८९० कोअर अल्ट्रा २०० साठी. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, कोअरचा नाही. एएमडीचं धोरण उदार आहे. २०१७ च्या बी३५० पासून आजच्या बी६५० आणि बी८५० पर्यंत मधल्या मालिकेतही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, फक्त ए३२०, ए५२०, ए६२० आणि बी८४० वर नाही. प्रोसेसरही तपासायला हवा. ७८००एक्स३डी चा गुणक बंद आहे, ९८००एक्स३डी चा खुला आहे. चिपसेटचा प्रश्न एवढ्यात संपतो. खरी निवड पुढे सुरू होते.

बोर्डाचा जीव व्हीआरएममध्ये असतो. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टवर आणायचं काम हा भाग करतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर २०० वॉट घेतो असं धरा. १.२५ व्होल्टला तो करंट होतो १६० अँपियर. चार फेज (करंट वाटून घेणाऱ्या शाखा) असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०, आठ असतील तर २०. मॉसफेटमधली (फेजमध्ये करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधली) उष्णता करंटच्या वर्गानुसार वाढते. त्यामुळे फेज दुप्पट झाले की एकेका फेजची ही उष्णता चौथाई होते आणि सगळ्यांची मिळून निम्मी. त्यापुढे फेज वाढवत गेलं की फायदा आटत जातो, कारण स्विचिंगमध्ये होणारं नुकसान प्रत्येक फेजबरोबर नव्याने जोडलं जातं. गिऱ्हाईक वीस फेजचा बोर्ड मागतं तेव्हा हेच गणित आम्ही कागदावर मांडून दाखवतो. बाराच्या पुढचा पैसा बहुतेक वेळा चांगल्या रॅमवर लावलेला बरा.

खोक्यावर १४+२+१ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा कोअरचा, बाकीचे अंगच्या ग्राफिक्सचे, एसओसीचे (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या वगैरे भागाचे) किंवा इतर पुरवठ्याचे. त्या १४ मध्येही कंट्रोलरचे खरे चॅनल सातच असू शकतात आणि प्रत्येकावर दोन-दोन पॉवर स्टेज (एका चिपमध्ये बसवलेले मॉसफेट) जोडलेले असतात. याला कोणी फसवणूक म्हणतं, ते आम्हाला पटत नाही. उष्णता दोन ठिकाणी वाटली जाते, हा फायदा खराच आहे. त्यापेक्षा पॉवर स्टेज किती अँपियरचा ते बघा. स्वस्त बोर्डात एका फेजला दोन किंवा तीन सुटे मॉसफेट दिसतात. चांगल्यात एकच चौकोनी चिप असते, ५०, ६० किंवा ९० अँपियरची. चिपवरचा नंबर भिंगातून वाचून तिची डेटाशीट काढली की अँपियर कळतो. जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबायची गरज उरत नाही.

हीटसिंक मोठा दिसतो म्हणून चांगला, असं नसतं. एखादं नवीन मॉडेल पहिल्यांदा हाती आलं की आम्ही मागचे स्क्रू काढून हीटसिंक उचलतो आणि थर्मल पॅड उजेडात धरतो. पॅडवर मॉसफेटचे चौकोनी ठसे खोल आणि एकसारखे उमटलेले हवेत. काही पॅडवर चोकचे (मॉसफेटशेजारच्या कॉइलचे) ठसे स्पष्ट असतात आणि मॉसफेटच्या जागी पॅड कोरा, गुळगुळीत असतो. म्हणजे हीटसिंक उंच चोकवर टेकलाय आणि ज्याला थंड करायचं त्याला लागलेलाच नाही. कधी पॅडवरची पारदर्शक फिल्मच काढायची राहिलेली असते. बाहेरून दोन्ही बोर्ड तितकेच देखणे. पात्यांचा, हवेला वाट देणारा हीटसिंक थंड ठेवायला उत्तम, पण मागाजवळच्या घरी आम्ही रुंद खाचांचा भरीव ठोकळा देतो, कारण तो ब्रशने साफ होतो.

प्रोसेसरला पाण्याने थंड करणारा वॉटर कूलर लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टॉवर कूलरचा पंखा सॉकेटच्या आजूबाजूलाही वारा घालतो. वॉटर कूलर बसवला की तो वारा गेला. प्रोसेसर ७० अंशांवर, तरी रेंडर करताना वेग अचानक पडतो आणि लोक आणखी मोठा कूलर घेतात. दोष प्रोसेसरचा नसतोच. व्हीआरएम तापून बोर्डच वेग पाडत असतो. मागे आणि वर बाहेर ओढणारा पंखा द्या, किंवा व्हीआरएमवर थेट ८० मिलिमीटरचा एक लावा. बोर्डात व्हीआरएमचा सेन्सर नसेल तर आम्ही हीटसिंकवर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटर धरतो. चकचकीत धातूवर नेम धरला तर तो खूपच कमी तापमान दाखवतो.

प्रोसेसरच्या १२ व्होल्टच्या जोडणीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. २०० वॉटसाठी व्हीआरएममधलं नुकसान धरून साधारण १९ अँपियर लागतात. चार पिनांच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तारा दोनच, म्हणजे एकेका पिनवर साडेनऊ अँपियर. हे पिनच्या मर्यादेला भिडणारं आहे. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर त्या कनेक्टरचा एक कोपरा आधी पिवळसर, मग तपकिरी झालेला दिसतो आणि प्लग ओढला तर तो प्लास्टिकला धरून बसलेला असतो. त्यामुळे ओव्हरक्लॉकसाठी आठ पिनांपेक्षा कमी बोर्ड आम्ही देत नाही. आठ पिनांचा बोर्ड असूनही काही जण चारच पिना लावून चालू करतात. मशीन सुरू होतं, म्हणून चूक कळत नाही. आठ अधिक चार असा जादा सॉकेट मात्र घरगुती ओव्हरक्लॉकला रिकामा राहिला तरी चालतो.

रॅमच्या बाबतीत दोन पट्ट्या घ्या आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. चारही खाचा भरल्या की वेग पडतो. रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांवर ३६००. या प्रोसेसरना ६००० ची डीडीआर५ चांगली जुळते, पण खरेदीआधी बोर्डाच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत त्या पट्टीचा पूर्ण मॉडेल नंबर शोधावा. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) काही मिनिटं चालतं, स्क्रीन काळी राहते. घाबरून रिसेट दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून. यासाठी बोर्डावर निदान चार डिबग दिवे (कुठला भाग अडलाय ते दाखवणारे) हवेत. रॅमचा दिवा लागलेला दिसला की माणूस धीराने थांबतो. प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटणही असू द्या. नवा प्रोसेसर आणि जुन्या बायोसचा बोर्ड अशी गाठ वारंवार पडते.

बायोसला आम्ही आता बोर्डाइतकंच वजन देतो. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले. सप्टेंबरातला ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा बायोसमध्ये असल्याशिवाय त्या प्रोसेसरच्या गुणकाला हात लावत नाही. पॉवर लिमिट मोकळं सोडलेलं असेल तर ते आधी २५३ वॉटवर आणतो. एएमडीकडे २०२३ पासून एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा आहे, ती पाळणारा बायोस हवा. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली व्होल्टेज किती उतरू द्यायचं ती सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवतो. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं उतरणं नैसर्गिक आहे. सगळ्यात वरची पायरी लावली की लोड सुटतानाच्या क्षणी व्होल्टेज ठरवल्यापेक्षा वर उसळतं आणि ती उसळी सॉफ्टवेअरच्या आकड्यांत दिसतही नाही.

जॅकार्डचं डिझाइन करणारे चादर-टॉवेलवाले, हिशेबाची कार्यालयं, फ्लेक्सवाले आले तर आम्ही ओव्हरक्लॉक नको म्हणून सांगतो. त्यांना बी मालिकेचा साधा, मजबूत बोर्ड, जास्त रॅम आणि चांगला मॉनिटर लागतो. रेंडर करणारे आणि गेम खेळणारे, यांनाच या खर्चाचा उपयोग आहे.

बोर्ड खोक्यातून काढल्यावर टॉर्चच्या तिरक्या उजेडात सॉकेटच्या पिना बघायच्या, एकही वाकडी असेल तर जागेवर परत. सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवायचं, वॉरंटीत तेच आधी मागतात. कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या छिद्राखाली नसलेला जादा स्टँडऑफ काढायचा, नाहीतर मागून शॉर्ट. मग पहिली फेरी सगळं मूळ सेटिंगवर: रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या. त्यानंतर रॅमचा प्रोफाइल आणि पुन्हा तीच टेस्ट. शेवटी गुणक, एकेक पायरीने, प्रत्येक पायरीला अर्धा तास ओसीसीटी हा ताण देणारा प्रोग्रॅम. विंडोजच्या नोंदीत व्हीयाची (WHEA, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एक जरी चूक दिसली तरी ती पायरी नापास, मशीन बंद पडलं नाही तरी. पायऱ्या ठरल्या की कॅबिनेटचा पुढचा भाग कापडाने अर्धा झाकून दोन तास रेंडर चालवतो. सोलापूरचा मे दुकानात आणायचा हाच उपाय. व्हीआरएम ९५ च्या आत राहिला तर मशीन गिऱ्हाइकाच्या हाती.

घरी बसवताना अर्थिंग मोजतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले की आधी वायरमन, मग पीसी. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा असेल तर चांगलं. चौकोनी लाटेच्या यूपीएसवर काही एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात आणि दोष ओव्हरक्लॉकवर येतो.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून देतो, एक हिवाळ्याचा आणि एक उन्हाळ्याचा. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये गुणक दोनने कमी आणि व्होल्टेज त्या बेताने उतरवलेलं. बायोस अपडेट केला की साठवलेले प्रोफाइल बहुधा पुसले जातात, म्हणून दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर आणि आकडे कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदावर. मार्चअखेरीस मशीन दुकानात आणायला सांगतो: हीटसिंकमधली लव ब्रशने काढणं, पंखे बोटाने धरून ब्लोअर मारणं, आठ पिनांचा प्लग काढून कोपरे बघणं, उन्हाळ्याचा प्रोफाइल लावणं आणि अर्धा तास टेस्ट. व्हीआरएम गेल्या वर्षीपेक्षा पाच अंशांनी वर दिसला तर त्याच दिवशी थर्मल पॅड बदलतो.