तुम्ही विचारलंत म्हणून: आईला कोरडा नहर का दाखवला?

लग्नात, तेरवीत, नागपुरात मानेवाड्याच्या किराणा दुकानात, कुठेही भेटा, चहाच्या आधी हाच प्रश्न येतो: "हरिद्वारला नेलंस अन् म्हाताऱ्या आईला दिवसभर रुडकीच्या कोरड्या नहरात बसवलंस म्हणे?"

दिवसभर नाही, दुपारभर. आणि नहरात नाही, काठावर.

हा नहर म्हणजे गंगेचा कालवा; तो दरवर्षी दसऱ्याला बंद करतात, गाळ काढायला आणि डागडुजीला, आणि दिवाळीला पाणी सोडतात. मला हे ठाऊक होतं का? होतं. आईला सांगितलं होतं का? नाही. सुट्या दसऱ्याच्याच होत्या, हे एक. दुसरं, रुडकीला हा कालवा सोलानी नदीच्या वरून पुलासारखा नेलाय, तो जलसेतू भरलेला असताना वर उभं राहिलं तर दिसतो फक्त रुंद नहर. रिकामा असला की तळापर्यंतचं बांधकाम, भरावाच्या पायऱ्या, सगळं उघडं पडतं. सिव्हिलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे कारण पुरतं. तुम्हाला पुरत नाही, दिसतंच आहे.

सकाळी हर की पौडीला आईची बुडी झाली होती. बुडी कसली, गुडघाभर पाणी. पोरं दगडगोट्यांतून नाणी वेचत होती. ती तिथेच नाराज झाली होती. मग बसनं रुडकी, तीसेक किलोमीटर.

तिला मी जलसेतूजवळच्या दगडी सिंहाच्या सावलीत बसवलं आणि खाली उतरलो. पन्नास-पन्नास फुटांच्या पंधरा कमानी, सगळ्या विटांच्या. खाली वाळूत सोलानीची बारीकशी धार. विटांना हात लावला तर गार, सांध्यांतून पांढरा क्षार फुटलेला. या भरावाची माती वाहायला 1851 साली इथे वाफेचं इंजिन चाललं होतं, बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही आधी. मी रमलो, नाकारत नाही.

वर आलो तर आई म्हणाली, "वर नदी, खाली नदी, अन् पाणी कुठंच नाही बाप्पा. काऊन आणलं मले इथं?"

मी सांगायला बसलो. 1837-38 चा दुष्काळ, मग प्रोबी कॉटली नावाच्या साहेबानं आखलेला हा कालवा, 1842 ला खोदाई सुरू, 1854 ला पाणी. तिला आवडेल म्हणून हेही सांगितलं, की गंगा अडवायला हरिद्वारच्या पंड्यांनी विरोध केला तेव्हा कॉटलीनं बंधाऱ्यात मोकळी फट ठेवली आणि कामाच्या आरंभी गणपतीची पूजा केली.

आई म्हणाली, "म्हणजे गोऱ्या साहेबानं तरी देवाचं ऐकलं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणालो, "आई, सकाळी तू बुडी मारलीस ना, ते पाणीही भीमगोड्याच्या बंधाऱ्याहून वळवून आणलेलंच आहे. मूळ धार पलीकडून जाते."

तिनं पदरानं चेहरा पुसला, चप्पल पायात सरकवली आणि रस्त्याकडे चालू लागली. परतीला गाडी अडकली, आरती हुकली. दिल्लीपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. इटारसीच्या पुढे कधीतरी म्हणाली, "माही गंगा होती ते. तुहा नहर असंल."

मी चुकीचं काही बोललो नव्हतो. 2016 साली उत्तराखंड सरकारनं हर की पौडीच्या त्या धारेला कागदावर 'एस्केप चॅनेल', म्हणजे जादा पाणी सोडून द्यायचा कालवा, ठरवलं, आणि 2020 मध्ये तो आदेश मागे घेतला. म्हणजे सरकारलाही हे नीट ठरवता आलं नाही, आणि मी सिंहाखाली बसून सत्तरीतल्या बाईला ठरवून देत होतो. तरुणपणी साइटवर मी सगळ्यांना ऐकवायचो, देवळं काय बघता, धरणं बघा. त्या पोराशी आता माझं पटत नाही. पण आपल्या नळाला येणारं पेंच धरणाचं पाणी कोणीतरी मोजून, उतार काढून आणलंय, हे त्याचं म्हणणं मला खोडताही येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, नहर भरलेला मिळेल. मला विचाराल तर दसऱ्यालाच जा. आणि आईला विचाराल तर ती तिची बाजू सांगेल, तासभर सांगेल, आणि त्यात खोटं काही नसेल.