एव्हरेस्ट बेस कॅम्प: पाय नाशिकचे, हवा खुंबूची

एव्हरेस्ट बेस कॅम्पहून परतल्यापासून नाशिकमध्ये जो तो मला पायांच्या तयारीबद्दल विचारतो. आपल्या जिल्ह्यात डोंगरांना काय तोटा! त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, रविवारी बारी गावातून कळसूबाई, मधल्या दिवसांत पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक. निघण्याआधी बागलाणात जाऊन साल्हेर आणि सालोटा एकाच दिवशी केले. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तो उतरतानाही गुडघे कुरकुरले नाहीत, तेव्हा पायांपुरती मी निश्चिंत झाले.

अवघड होतं ते श्वासाचं. कळसूबाई १६४६ मीटर. अशी पाच शिखरं एकावर एक रचली तरी ८८४८.८६ मीटरच्या एव्हरेस्टला सहाशेहून जास्त मीटर कमी पडतात. नुसता बेस कॅम्पच ५३६४ मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब जवळपास निम्म्यावर आलेला असतो, म्हणून प्रत्येक श्वासात निम्माच हाती लागतो. शिखरावर तर एक तृतीयांश. सुमारे सहाशे मीटरवरच्या नाशिकमध्ये कितीही पायऱ्या चढा, याचा सराव होत नाही. तो तिथे जाऊन, हळूहळू वर सरकतच करावा लागतो. त्यासाठी शरीराला दिवस द्यावे लागतात.

आधी डॉक्टरांकडे गेले. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, चांगली आली, हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं. पन्नाशीतल्या बायकांनी हे जरूर तपासावं. विरळ हवेतला ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर कसं व्हायचं? लोहाच्या गोळ्या घेऊन ते वर येईपर्यंत मी बुकिंग केलं नाही. कागदपत्रांचं सोपं आहे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. वाटेतल्या सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांच्या निम्मं आहे.

मग वेळापत्रक. एका आयोजकाने कमी दिवसांत, कमी पैशांत नेण्याची तयारी दाखवली. कागद नीट पाहिला तर त्यात वाटेवरच्या नामचे या गावी, ३४४० मीटरवर, एकच रात्र होती. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. रजा वाचवण्यासाठी तो मोडणं मला आजही अक्षम्य वाटतं. मी जास्त दिवसांचं वेळापत्रक निवडलं. सोबत आमच्या सोसायटीतला एक तरुण होता, रोज भल्या पहाटे सायकलवर त्र्यंबक गाठणारा.

खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागात, चालायला सुरुवात होते ती लुक्लाहून. तिथल्या विमानतळाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि चढती. तिथून दुसऱ्या दिवशी नामचे बाजार. नामचेत एक दिवस थांबायचं, म्हणजे सकाळी चारशे-साडेचारशे मीटर चढून वर जायचं आणि झोपायला खाली यायचं. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होई आणि मी दचकून उठे. शेर्पा गाईडने समजावलं, "दीदी, उंचीवर असं होतंच." वर गेल्यावर आपण जोरजोरात श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताचं संतुलन बिघडतं आणि मूत्रपिंडं ते दुरुस्त करायला काही दिवस घेतात. डायमॉक्सची गोळी हीच दुरुस्ती लवकर करते. डॉक्टरांना विचारून मी ती घेत होते. बोटांना मुंग्या येत आणि रात्री वारंवार उठावं लागे.

डिंगबोचे ४४१० मीटर, तिथे पुन्हा थांबा. त्यानंतर थुक्ला खिंडीत एव्हरेस्टवर प्राण गेलेल्यांची दगडी स्मारकं लागतात. कितीतरी शेर्पांची आहेत. १८ एप्रिल २०१४ला खुंबू हिमप्रपातात, म्हणजे बेस कॅम्पच्या वर हिमनदी तुटून उतरते त्या भेगाळ उतारावर, बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा एका सकाळी १६ नेपाळी कामगार गेले. मी तिथे बराच वेळ थांबले.

लोबुचेला, ४९४० मीटरवर, आमच्यातला सर्वांत दणकट गडी, तो सायकलवाला तरुण, खचला. "काकू, नुसतं डोकं दुखतंय," एवढंच म्हणत होता. मग जेवण उलटलं. गाईडने त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर त्याचा तोल जायला लागला. ही मेंदूला सूज येण्याची खूण असू शकते. तो सकाळपर्यंत थांबू म्हणाला, पण गाईडने ऐकलं नाही. डोक्याला टॉर्च लावून, मदतनीसाबरोबर त्याच रात्री त्याला फेरिचेला उतरवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मोसमी आरोग्य केंद्र आहे. तंदुरुस्तीवरून कोणाला उंची सोसेल हे सांगता येत नाही, हे पुस्तकात वाचलेलं त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी रेडिओवर तो बरा असल्याचं कळलं, तेव्हाच मी बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामाची, गोरक शेपची वाट धरली. पाच पावलं चालायचं, थांबायचं. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. समोर खुंबूचा हिमप्रपात असतो. दर हंगामात शेर्पांची एक तुकडी त्यातून शिड्या आणि दोर लावून वाट तयार करते. एप्रिल असल्याने तंबू गजबजलेले होते. तिथले गिर्यारोहकही आमच्यासारखंच करत होते, फक्त त्यांच्या पायऱ्या मोठ्या. बेस कॅम्पच्या वरच्या कॅम्प दोनपर्यंत, पुढे शेजारच्या ल्होत्से शिखराच्या भिंतीवर ७००० मीटरच्या पुढे जायचं, परत खाली यायचं, आणि मेच्या मध्यानंतर वरचं वारं शांत होण्याची वाट पाहायची. ८००० मीटरच्या वर मात्र शरीर हवेशी जुळवून घेऊच शकत नाही, तिथे घालवलेला प्रत्येक तास त्याला झिजवतो. जगात अशी चौदा शिखरं आहेत. १९७८मध्ये मेसनर आणि हाबेलर हे दोन गिर्यारोहक एव्हरेस्टवर ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय पोचले, म्हणजे काय, हे मला बेस कॅम्पवर धापा टाकत उभं असताना खऱ्या अर्थाने कळलं.

दुसऱ्या पहाटे गोरक शेपजवळच्या काला पत्थर या टेकडीवरून एव्हरेस्टचं शिखर दिसलं. थंडीने बोटं बधिर झाली होती, फार थांबता आलं नाही.

फेरिचेत आमचा गडी डाळभात चापत होता. पुढच्या वसंतात पुन्हा जायचं म्हणतो. त्याने मला नवं वेळापत्रक दाखवलं. नामचे आणि डिंगबोचे, दोन्हीकडे एकेक रात्र वाढवली आहे. लोबुचेलाही एक वाढव, असं मी त्याला सांगितलं आहे.